खिंडीतली ऊब

फार मागच्या काळची गोष्ट. राजालासुद्धा वाट विचारत प्रवास करावा लागायचा, तेव्हाची. त्या दिवशी एका उंच खिंडीत सकाळ उजाडली तीच धुक्यात. धुकं इतकं दाट, की बैल हाकणाऱ्याला आपल्याच बैलाची शिंगं दिसेनात. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. माणसं बोलली की तोंडातून वाफ निघायची, आणि कोण बोललं ते मात्र जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही.

त्या खिंडीत तीन राज्यांच्या शिवा मिळत होत्या. एक राज्य समुद्राकाठचं, मिठाचं. एक पठारावरचं, धान्याचं. एक रानातलं, मधाचं. तिघांची बोली वेगळी, देव वेगळे, पागोटं बांधायची तऱ्हासुद्धा वेगळी. खिंड मात्र एकच. म्हणून तिथं एकापुढं एक असे तीन नाके होते. प्रत्येक नाक्यावर वाटेत एक आडवा बांबू. नाकेदारानं दोरी ओढली की बांबू वर जायचा आणि वाट मोकळी व्हायची.

या नाक्यांवर एक जुनी चाल होती. खिंडीत थंडी भयंकर. म्हणून घाट चढून येणारा वाटसरू येताना एक लाकूड आणायचा आणि नाकेदाराच्या शेकोटीत टाकायचा. त्या लाकडाला म्हणायचे ‘ऊब’. नाकेदार आगीवर हात धरून विचारायचा, "ऊब आणली का, बाबा?" मग दोघं घटकाभर शेकायचे, चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलायचे, आणि बांबू वर जायचा. चाल चांगली होती. माणुसकीची होती.

पण बरं का, चांगल्या चालीवरही लक्ष ठेवावं लागतं. पुढं लाकडाच्या जागी नारळ आला. नारळाच्या जागी तुपाची लोटी आली. मग घोंगडी आली, मग चांदीचं कडं आलं. शेकोटी कधीच विझली. नाकेदारांचे हात मात्र तसेच पुढं राहिले, आगीवर धरल्यासारखे, पालथे, बोटं फाकलेली. आणि शब्दही तोच राहिला. खाली शहरात कुणी असं काही घेतलं तर लोक त्याला लाच म्हणायचे, नाक मुरडायचे. खिंडीत ती ऊब होती. ऊब घ्यायची लाज कुणाला वाटणार?

पठाराच्या नाक्यावर भिवजी नावाच्या म्हाताऱ्यानं जन्म काढला होता. त्यानं लाकडापलीकडं कधी कशाला हात लावला नव्हता. गुडघे धरले तसा त्यानं नाका आपल्या पोराच्या, रखमाजीच्या, हाती दिला होता. रखमाजी कमी बोलणारा, कामाला वाघ. "माझा पोरगा माझ्यावर गेलाय," असं भिवजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

तर त्या दिवशी तिन्ही राजे खिंडीत आले होते. कारणच तसं होतं. ऊब देऊन देऊन व्यापारी कंटाळले होते. रानात मीठ पोचेना, समुद्राकाठी धान्य पोचेना. वाटसरूंचे हाल ऐकवत नव्हते. एका राजानं आपल्या नाक्यावर कडक हुकूम काढला, की दुसरा नाका दुप्पट घ्यायला लागायचा. तेव्हा तिघांनी मिळूनच काहीतरी करायचं ठरवलं. माळावर तंबू पडला. कारभारी आले, नाकेदार आले, त्यांची बायकापोरं आली.

सगळ्यांत वडीलधारा म्हणून आधी भिवजीला विचारलं. तो हात जोडून उभा राहिला.

"महाराज, आम्ही जुनी खोडं. वाकलो ते वाकलो," तो सावकाश म्हणाला. "पण आमची पोरं कोरी आहेत. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. आम्ही बाजूला झालो की खिंड आपोआप स्वच्छ होईल. थोडी वाट बघा."

शेजारच्या नाक्यावरचा बाबल खो खो हसला. तो मिठाच्या राज्याचा नाकेदार, भिवजीच्याच वयाचा. दोघांच्या झोपड्यांमध्ये एक निवडुंगाचं कुंपण तेवढं होतं.

"म्हणजे महाराजांनी आमच्या मरणाची वाट बघत बसायचं म्हणतोस?" बाबल म्हणाला.

"तू कसला मरतोस! तुझ्यासाठी फार थांबावं लागेल," भिवजी म्हणाला, आणि तंबूत हशा पिकला.

राजांना सल्ला आवडला. न आवडायला काय झालं? काहीच करायचं नव्हतं, नुसतं थांबायचं होतं. लगेच पानं मांडायचा हुकूम सुटला.

भिवजी बाहेर आला. धुकं विरलं होतं आणि ऊन चांगलं तापलं होतं. माळावर तिन्ही राज्यांची पोरं खेळत होती. एकाची बोली दुसऱ्याला कळत नव्हती, तरी खेळ रंगात आला होता. भिवजीची नात सगुणी मधोमध उभी होती. तिच्यासमोर दोन पोरांनी एक काठी आडवी धरली होती. म्हणजे खेळ नाक्याचा होता. भिवजीला कौतुक वाटलं. तो एका दगडावर टेकला.

रानातला एक पोरगा फडक्याची बाहुली खांद्याशी धरून आला. त्यानं बाहुलीच्या कपाळाला हात लावून दाखवला, चटका बसल्यासारखा झटकला. बाहुलीला ताप होता. तिला पलीकडच्या वैद्याकडं न्यायचं होतं.

सगुणीनं दोन्ही हात पुढं केले. पालथे. बोटं फाकलेली.

"ऊब?"

त्या पोराला तिची बोली येत नव्हती, पण हात बरोबर कळले. त्यानं आपले रिकामे तळवे दाखवले. सगुणीनं मान हलवली. काठी हलली नाही. पोरगा थोडा वेळ उभा राहिला, मग त्यानं बाहुली गवतावर ठेवली. लगेच सगळी पोरं गोळा झाली. कुणी आपल्या बोलीत रडण्याचं सोंग केलं, कुणी खड्डा उकरला. बाहुली पुरली, वर फुलं टाकली. आणि मग तिला बाहेर काढून, माती झटकून, पोरं हसत हसत म्हणाली, "आता माझी पाळी, माझी पाळी!"

भिवजी दगडावरून उठला.

"सगुणे, इकडं ये. बाहुली आजारी होती ना? मग सोडली का नाहीस तिला?"

"अहो आजोबा, ऊब नव्हती त्याच्याकडं. उबेशिवाय बांबू वर कसा जाईल?"

"हे तुम्हांला शिकवलं कुणी?"

"त्यात शिकवायचं काय?" सगुणीला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"आणि तुझा धाकटा भाऊ आजारी असता तर?"

"तर मी घरून ऊब आणली असती की."

"पण ती बाहुली मेली गं!"

"मरतेच या खेळात. कुंभारणीचं बाळ नाही का मेलं? बाबांनी बांबू वर केला नाही म्हणून."

ती उड्या मारत खेळात परतली. भिवजीला आठवलं. गेल्या हिवाळ्यात एका कुंभारणीचं तान्हं बाळ खिंडीत गेलं, एवढं त्यानं ऐकलं होतं. "उशिरा निघाली बिचारी, थंडीनं गेलं," असं रखमाजीच म्हणाला होता. भिवजी त्या बाळासाठी हळहळलाही होता.

रखमाजी तंबूमागं पाण्याच्या घागरी भरत होता. भिवजी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"पोरा, ती कुंभारीण नाक्यावर आली, तेव्हा तिच्याजवळ काय होतं?"

"काहीच नव्हतं, म्हणून तर..." रखमाजी बोलून गेला. त्याच्या हातातली घागर भरून वाहायला लागली.

"म्हणून तर काय?"

"बाबा, मला वाटलं तिचा नवरा मागून काहीतरी घेऊन येईल. सगळेच आणतात. मला काय ठाऊक, की बाळ..." त्यानं बापाचा हात धरला. "आत तिन्ही राजे बसलेत. तुम्ही बोललात तर माझं घर उठेल. सगुणीनं उद्या तोंड कुठं दाखवायचं?"

भिवजीनं हात सोडवून घेतला. ज्याच्या जिवावर त्यानं राजांना वाट बघायला सांगितलं होतं, ते कोरं पोर हेच होतं.

तो तंबूत शिरला तो सगळ्या पोरांना घेऊनच. राजे पानावर बसले होते.

"महाराज, जेवायच्या आधी एक खेळ बघा."

"घ्या! आता पोरांचा तमाशा बघायचा राहिला होता," एक कारभारी म्हणाला. "यांनाच मसलतीला बसवा ना!"

पण पोरांना कसली भीती? काठी आडवी झाली, बाहुली आली, सगुणीनं हात पुढं केले. तिची ऐट बघून लोक हसले. मिठाच्या राजाला पठाराची बोली यायची. तो तर उठून खेळातच शिरला.

"ए नाकेदारीण, मी राजा आहे. या पोराला सोड."

सगुणीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "राजाची ऊब मोठी लागते," ती म्हणाली.

हशाचा गडगडाट झाला. राजानं हसत हसत रिकामे हात दाखवले. "आणि नाही दिली तर?"

रानातल्या पोरानं बाहुली खाली ठेवली. तिन्ही राज्यांची पोरं, कुणी न सांगता, एकदम गुडघ्यांवर बसली आणि माती उकरायला लागली. त्यांत मिठाच्या राजाचा स्वतःचा मुलगाही होता.

"तुला रे कसा येतो हा खेळ?" राजानं विचारलं.

"आम्ही घरीपण खेळतो, बाबा. राजवाड्याच्या दारातला बांबू घेऊन," मुलगा म्हणाला.

हसणं कुठच्या कुठं गेलं. वाढप्यांचे हात थांबले. राजा पोरांच्या मधोमध उभा होता आणि त्याला आपल्याच पोराकडं बघवत नव्हतं.

पठाराच्या राजानं अगदी हळू विचारलं, "असं खरंच कुठं घडलंय का?"

नाकेदार जमिनीकडं बघायला लागले. तंबूच्या दारात रखमाजी उभा होता. त्यानं बापाकडं पाहून नुसती मान हलवली, नका म्हणून.

"घडलंय," भिवजी म्हणाला. "माझ्या पोराच्या नाक्यावर. कुंभारणीचं बाळ होतं. मघाशी मी म्हणालो, पोरं कोरी आहेत, थोडी वाट बघा. ते मी मागं घेतो, महाराज. आपण वाट बघतोय तोवर ती आपल्यासारखी होतायत."

रखमाजी दारातच खाली बसला.

मग पठाराचा राजा पोरांसमोर मांडी घालून बसला. "मला सांगा, बांबू वर जायला काय हवं?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. सगुणीनं डोकं खाजवलं.

"दोरी ओढायला हवी," ती म्हणाली.

"आणखी काही?"

तिनं पुन्हा विचार केला. "नाही. नुसती दोरी."

हे ऐकून पांढऱ्या मिशांच्या माणसांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात रानातला पोरगा आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटला. बाबलला सगळ्या बोली यायच्या. त्यानं सांगितलं, "तो म्हणतोय, आपल्या बापाला बोललं तर मार बसतो. दुसऱ्याच्या बापाला बोलता येतं."

आणि त्याच पोराच्या बोलण्यावरून तिन्ही राज्यांचा करार झाला. पठाराची जाणती पोरं मिठाच्या नाक्यावर बसायची, मिठाची रानाच्या, आणि रानाची पठाराच्या. कुणाच्या हाती काठी नाही, तलवार नाही. बोली वेगळी असली तरी सगळ्यांनी दोनच शब्द सारखे शिकायचे. नाकेदाराचे हात पालथे पुढं आले, की सगळ्यांनी मोठ्यानं विचारायचं, "शेकोटी कुठाय?"

सुरुवातीला नाकेदारांनी डोळे वटारले. पण परक्या राज्याच्या पोराला मारणार कसं? आपलंही पोर परक्या नाक्यावर बसलेलं. पुढं पुढं वाटसरूही पोरांच्या सुरात सूर मिसळायला लागले. साऱ्या घाटात "शेकोटी कुठाय?" घुमायचं आणि नाकेदार घाईघाईनं दोरी ओढायचा. बघता बघता पुढं येणारे हात मागं गेले. मीठ रानात पोचलं, धान्य समुद्राकाठी पोचलं. आणि कुंभार, कोष्टी, तेली, ज्याचं लेकरू आजारी पडेल तो रिकाम्या हातानं, न थांबता खिंड ओलांडायला लागला.

रखमाजीचा नाका गेला. थकल्या-भागल्या वाटसरूंना पाठीवर घेऊन घाट चढवायचा, ही त्याची शिक्षा. राजानं त्याला आधी कुंभारणीच्या दारात पाठवलं. तिनं दार उघडलं नाही. तो पुन्हा गेला. पुन्हा उघडलं नाही. तो अजून जातो.

भिवजीला गावानं दोष दिला. सख्ख्या पोराला राजांपुढं उघडं पाडणारा कसला बाप, असं लोक तोंडावर म्हणाले. पाणवठ्यावर त्याच्याशी कुणी बोलेना. एका दुपारी तो झोपडीच्या दारात एकटाच बसला होता. बाबल कुंपणाला वळसा घालून आला आणि शेजारी बसला.

"बाबल, बाप म्हणून चुकलो का रे मी?"

खालच्या मिठाच्या नाक्यावर सगुणी पठाराच्या पोरांबरोबर बसली होती. बाबल तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या पोराच्या वेळी आपण सगळेच चुकलो, भिवजी, पण नातीच्या वेळी तू जागा झालास. लाच मोडायची असेल तर पोरं मोठी व्हायची वाट बघू नये, सगळ्या मुलखांतली पोरं आजच सोबतीला घ्यावीत."