कुंभारणीचा हौद

फार वर्षांपूर्वी, नांगर टेकवला की ठिणगी उडावी अशा एका खडकाळ गावात एक कुंभारीण राहायची. गावाला भाजी यायची ती तीन कोसांवरून, तीही मान टाकलेली. 'या गावाला ताजी भाजी मीच खाऊ घालीन,' असं तिनं मनावर घेतलं.

तिनं अंगणात हौद बांधून मासे सोडले. काठावर खडी भरलेली पसरट कुंडं मांडून त्यांत पालक लावला. हौदातलं पाणी ती रोज कुंडांत ओती. माशांच्या घाणीवर पालक पोसे आणि खडीतून निथळलेलं स्वच्छ पाणी पुन्हा हौदात पडे. गाव हसलं, पण हिनं हट्ट सोडला नाही.

एक दिवस पाटलीणबाई आल्या. "लेकीच्या लग्नाला बारा टोपल्या पालक देशील? दिलास तर पुढं रोजची भाजी तुझ्याचकडून."

"देईन की, बाई."

लग्न तीन दिवसांवर आलं आणि पानांवर मावा पडला. बारीक काळ्या किड्यांनी कुंडं भरली. शेजारचे माळीबुवा म्हणाले, "पोरी, तंबाखू उकळून शिंपड. सकाळी एक किडा दिसायचा नाही."

तिनं काढा उकळला, शिंपायला हात उचलला आणि थबकली. "बुवा, हे निथळून हौदातच जायचं. मासे मरतील."

"मासे पुन्हा आणता येतील. पाटलांच्या घरचं लग्न पुन्हा येणार आहे का?"

बुवांचं खोटं नव्हतं. तरीही तिनं काढा लांब खडकावर नेऊन ओतला. मग दोन दिवस ती ओल्या हातानं एकेक पान पुसत बसली. किडे हौदात पडत, मासे ते मटकावत. बोटं सुजली, पाठ मोडून आली. एवढं करून टोपल्या भरल्या सातच.

"बाई, पाच कमी पडल्या. चूक माझी आहे."

"शब्द पाळता येत नाही तर द्यावा कशाला?" पाटलीणबाई चारचौघांत बोलल्या आणि उरलेली भाजी परगावाहून मागवली. कुंभारीण खाली मान घालून घरी आली, आणि आधी तिनं कुंडांत पाणी ओतलं.

पंधराव्या दिवशी ती पालकाची टोपली घेऊन पाटलांच्या दारात उभी राहिली. पाटलीणबाई पानं चाचपत म्हणाल्या, "कीड लागली होती ना? मग इतक्या लवकर कशी आली गं?"

"ज्यांनी पिकवली ते मासे जिवंत आहेत ना, बाई."

पाटलीणबाई टोपली आत घेत म्हणाल्या, "उद्यापासून रोज आणत जा."

तात्पर्य एवढंच: ज्यांच्या जिवावर आपलं पिकतं, त्यांना मारून आलेलं पीक एकदाच पदरात पडतं.