बंबाची सरसकट धूरपट्टी

फार पूर्वी घरातली भांडीकुंडीसुद्धा कर भरत. काजळीला वैतागून आढ्यानं धूरपट्टी बसवली. पोटात लाकडं जाळून पाणी तापवणारा तांब्याचा बंब लगेच म्हणाला, "लहानमोठं कशाला करायचं? प्रत्येकानं वीतभर जळण द्यावं."

"मामा, मी अख्खीच वीतभर आहे," मेणबत्ती म्हणाली.

"कायद्यापुढं सगळे सारखे गं बाई." बंबानं एक ढलपी दिली आणि समाधानानं धुराचा लोट सोडला. मेणबत्ती मात्र पट्टी म्हणून स्वतःच आढ्यावर जाऊन निजली.

पहाटे मालकिणीनं अंधारात चाचपडत घागर ओतली, ती थेट बंबाच्या सरपणाच्या नळीत. लाकडं भिजली. बंब गारठून बसला.

वरून मेणबत्ती म्हणाली, "मामा, अंधार मात्र सगळ्यांना सारखा वाटला गेला हं."