मोराची कोंबडी

फार मागे, बिस्किटांच्या एका डब्यात दोन सुया आणि लोकरीचे तीन गुंडे राहत होते. त्यांना घेऊन विणणारी कुमुदताई वारली, तेव्हा तिच्या धाकट्या भावाच्या स्वेटरची एक बाही अर्धीच राहिली होती. बाहीवरच्या मोराचे नुसते पाय झाले होते.

"आपणच पुरी करू!" लाल गुंडा उड्या मारू लागला. "मोर काढायला काय लागतं?"

झालं, सुया सुटल्या! दोन सुलट, एक उलट, मग सगळंच उलट. पिवळा गुंडा हिरव्यात गुंतला, हिरवा खाटेखाली पळाला. बाही झाली तेव्हा मोराला पिसारा नव्हता, पोट मात्र चांगलं गरगरीत होतं.

"अगं, ही तर कोंबडी!" धाकटी सुई हसून हसून वाकली.

थोरली भडकली. "ताईच्या स्वेटरवर कोंबडी? उसवा सगळं!" तिने धागा ओढला. ओळी सरसर सुटल्या.

"थांब गं बाई!" स्वेटर ओरडला. "तुमची एकच ओळ उरलीय. तिच्याखाली ताईने घातलेले शेवटचे टाके आहेत."

थोरली थबकली. तिने ते टाके एकेक करून हळूच अंगावर घेतले.

"चला," ती म्हणाली, "मोर ताईलाच जमायचा. आपण पुन्हा कोंबडीच करू. या वेळी पिल्लंही काढू."