सांबरकोंडच्या उंबऱ्यावरचं शिंग

या, असे सावलीत या. डोक्यावर टोपी नाहीतर रुमाल असू द्या, ही बेने इस्राएलांची, म्हणजे आम्हा ज्यूंची, मशीद आहे. आमच्याकडे प्रार्थनेच्या घराला जुनी माणसं मशीदच म्हणत आली, त्यामुळे गोंधळू नका. आणि हा उंबरा बघा, मधोमध कसा झिजलाय. नव्याच्या सणाला, म्हणजे आमचं वर्ष बदलतं त्या दिवशी, शोफार वाजवणारा इथं उभा राहतो. बाकी गावांत तो आत, पोथीच्या पेटीसमोर, प्रार्थनेची झालरीची चादर डोक्यावरून ओढून वाजवतो. सांबरकोंडात मात्र उंबऱ्यावर, तोंड न झाकता आणि भर उन्हात. का, ते मुसाजी तेल्याला विचारायला हवं, पण तो गेला त्याला पिढ्या लोटल्या. तेव्हा ऐकीव आहे तेच सांगतो.

मुसाजी हा शनवारतेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक आम्हाला तसं म्हणत. त्याच्याकडे दोन बैल, हरण्या आणि चांद्या. सकाळी एक घाण्याला, दुपारी दुसरा, अशी पाळी. आणि मुसाजीची छाती अशी भक्कम की शोफार त्यानंच वाजवायचं. बापानं वाजवलं, आज्यानं वाजवलं. त्याला त्याचा गर्वही होता हो! सण महिन्यावर आला की शिंग घेऊन गावभर मिरवायचा.

शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. अब्राहाम बाप आपल्या लेकाला अर्पण करायला निघाला, तेव्हा देवानं त्याचा हात धरला आणि झुडपात शिंगं अडकलेला मेंढा दाखवला, त्याची ही आठवण. आमच्या पोथीत, तोऱ्यात, या दिवसाला गजराचा दिवस म्हटलंय. आधी एक लांब सूर, मग तुटक हुंदक्यांसारखे, मग थरथरते. निजलेल्यानं जागं व्हावं आणि देवाला आपली आठवण यावी म्हणून. मेंढ्याऐवजी बोकडाचं एक वेळ चालेल, पण गाई-बैलाचं मुळीच नाही. रानात आमच्या वाडवडिलांनी सोन्याचं वासरू पुजलं होतं. ज्याच्यापायी मान खाली गेली, तेच हातात धरून देवाकडे दया कशी मागणार? हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तर त्या वर्षी सण तोंडावर आला असताना मुसाजीनं शिंग घाण्याच्या कठड्यावर ठेवलं आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसला. शिंग घरंगळलं ते थेट हरण्याच्या वाटेत. बैलाच्या डोळ्यांना झापडं, त्याला काय दिसणार? पाय पडला आणि शिंगाचा चुरा झाला.

मुसाजीचं डोकंच फिरलं. चूक स्वतःची, पण राग काढला मुक्या जनावरावर. म्हणे, त्यानं त्या दिवशी पाळीच बदलली नाही. हरण्याला पाणी दाखवलं नाही, वैरण दाखवली नाही, नुसता फिरवत ठेवला. बायको, शेगुलाबाई, दोनदा येऊन म्हणाली, "अहो, सोडा आता त्याला. तोंडाला फेस आलाय."

"तू आत जा," मुसाजी खेकसला.

दिवस कलला तेव्हा हरण्या गुडघ्यांवर बसला, तो पुन्हा उठला नाही.

गावात सांगितलं, पान लागलं, म्हणजे साप चावला. लोक हळहळले. शेगुलाबाई एवढंच म्हणाली, "निदान मशिदीच्या मुकादमांना शिंगाचं तरी सांगा. घाटावरून आणवतील."

"आणि काय सांगू? बैलानं तुडवलं? मग बैल कसा मेला तेही सांगू? तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

आणि मग त्यानं ते केलं. हरण्याला पुरण्याआधी त्याचं शिंग कापून घेतलं, पोखरलं, घासलं. चादरीखाली कोण बघतंय?

सणाच्या दिवशी मशीद भरली. बनाजी मुकादमांनी खूण केली. मुसाजीनं चादर ओढली, शिंग ओठांना लावलं आणि लांब सूर काढला. असा भरदार सूर सांबरकोंडानं कधी ऐकला नव्हता, असं सांगतात. सूर विरतोय तोच बाहेरून हंबरडा आला. चांद्या! दावं तोडून अंगणात आला होता. आला तो सरळ उंबऱ्याशी, आत मान घालून उभा राहिला आणि पुन्हा हंबरला.

लोकांचे डोळे भरून आले. बनाजी मुकादम म्हणाले, "मुसाजी, धन्य तुझी! जनावरालासुद्धा देवाची हाक कळली रे!"

कोणी म्हणालं वा, कोणी म्हणालं बापाचं नाव काढलंस. चादरीखाली मुसाजीला खरं ठाऊक होतं. देवाची हाक कसली, चांद्यानं आपल्या जोडीदाराला ओळखलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. शिव्या पडल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण ती शाबासकी सोसवेना. पुढचे तुटक सूर काढायला त्यानं शिंग उचललं, पण फुंकर येईना. लोक थांबले. मुकादम म्हणाले, "हं, वाजव."

मुसाजीनं चादर खाली टाकली. शिंग सगळ्यांपुढे धरलं.

"हे हरण्याचं आहे," तो म्हणाला. "पान लागलं नव्हतं. मीच मारलं त्याला." आणि सगळं सांगितलं. खांबाला धरून ढसाढसा रडला.

कोणी तरी हळूच पुटपुटलं, हे रडणंच देवानं शिंग म्हणून ऐकलं असेल. मुकादमांनी त्याला तिथंच गप्प केलं. "रडणं म्हणजे शिंग नव्हे. आज आपलं गाव मुकं राहिलं. मुकंच राहू दे." त्या वर्षी सांबरकोंडात गजर झाला नाही. खाली माना घालून माणसं घरी गेली.

वर्षभर मुसाजी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. चांद्याला त्यानं पुन्हा घाण्याला जुंपलं नाही, घाण्याची लाकडी लाट स्वतः ओढली. सणाच्या आधी पायी घाट चढून गेला, मेंढ्याचं शिंग आणलं आणि मुकादमांच्या पायाशी ठेवलं. सणाच्या दिवशी आत पाऊल टाकायचा धीर होईना, म्हणून मशिदीच्या उंबऱ्यावरच उभा राहिला. चादर पांघरायचीही लाज वाटली.

"दुसऱ्या कोणाला द्या," तो म्हणाला. "मी या लायकीचा नाही."

मुकादमांनी शिंग पुढे केलं. एकही पुरुष उठेना. ज्यानं त्यानं आपापल्या घरातलं आठवलं असावं. शिंग तसंच मुकादमांच्या हातात. गाव दुसऱ्या वर्षीही मुकं राहणार असं दिसू लागलं.

तेव्हा बायकांच्या बाजूनं शेगुलाबाईचा आवाज आला. "नाहीच आहात लायकीचे. आणि आम्ही कोण मोठे लागून गेलो? वाजवा."

मुसाजीनं वाजवलं. म्हणे, सूर घोगरा आला, मध्ये फाटलाही. कोणी वा म्हटलं नाही.

आजही नव्याच्या सणाला वाजवणारा इथं उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, "मी या लायकीचा नाही." मुंबईहून आलेला साहेब असो की गावातला सुतार, हे म्हटल्याशिवाय त्याच्या हाती शिंग देत नाहीत. पहिल्यांदा वाजवणारे हसत हसत म्हणायला जातात, पण शब्द तोंडातून बाहेर पडेस्तोवर हसू मावळलेलं असतं. मग आधी बायका बोलतात, त्यांच्यामागून सगळं गाव.

"आम्हीही नाही. वाजव."