हैबतीचं शेत गेलं कुठं?

"जागेवर शेत आढळले नाही. सबब, शेताचे नुकसानही आढळले नाही!"

दिवाण रंगोपंतांनी भर दरबारात अहवाल वाचला आणि पूरग्रस्तांच्या यादीतून इतरांसारखंच हैबतीचंही नाव खोडलं. नदीनं हैबतीच्या शेतातली माती पार खडकापर्यंत खरवडून नेली होती, नुकत्याच लावलेल्या हळदीच्या गड्ड्यांसकट. सरकारी मदत मिळाली तर दुसरी माती आणून भरता येणार होती. नाहीतर गाव सोडायचं!

हैबती हात जोडून उभा राहिला. त्याची मुलगी कौतिका मात्र पुढे झाली.

"पंत, शेत जागेवर असतं तर आम्ही इथं कशाला आलो असतो?"

"नियम म्हणजे नियम! आमच्या सहा कारकुनांनी जातीनं पाहणी केली आहे."

"केली की! पलीकडच्या टेकडीवर बसून. शेताकडे नुसतं बोट दाखवलं, कोंबड्या तेवढ्या आमच्या खाल्ल्या!"

दरबारात खसखस पिकली. महाराज चिडले. झालेला निर्णय मागे घेणं त्यांना फार कमीपणाचं वाटे.

"पूर काय वाईटच करतो, पोरी? नदीकाठच्या आमच्या मोगऱ्याच्या बागेत हातभर गाळ टाकून गेलाय. माळी खूश आहे! तुझं शेत वाहून गेलं म्हणतेस ना? शोधून आण. ती माती तुझीच आहे हेही पटवून दे. मग मदत!"

"सापडलं तर शेत माझंच ना, महाराज?"

"तुझंच! जिथं असेल तिथं तुझंच!"

"मग पंधरा दिवस द्या."

"शोधायला?"

"नाही. वाट बघायला!"

पंत पोट धरून हसले.

सोळाव्या दिवशी सकाळी महाराज पंतांसह बागेत आले आणि थबकलेच. मोगऱ्याच्या रांगेत बसून कौतिका खुरपत होती. हैबती कारंज्याच्या कडेनं बांध घालत होता!

"ए! माझ्या बागेत काय चाललंय?"

"जपून, महाराज! हळदीवर पाय पडेल."

महाराजांनी खाली पाहिलं. मोगऱ्याच्या बुंध्याशी, कारंज्याभोवती, थेट संगमरवरी बाकाखालून हळदीचे हिरवे कोंब वर आले होते.

"माळीबुवा, ही तुम्ही लावली?" कौतिकानं विचारलं.

"छे गं बाई! मी तर रोज उपटतोय!"

"महाराज, नदीकाठी हळद लावणारं घर आमचं एकच. तुमच्याच दप्तरात तसं लिहिलंय."

पंत उसळले, "अगं, पण ही महाराजांची बाग आहे!"

"महाराज म्हणाले, जिथं असेल तिथं माझंच. आता एक तर मदत द्या, नाहीतर आम्हाला भांगलू द्या. आणि हवं तर कारकून बोलवा, पंत. शेत जागेवर आहे. जागा तेवढी बदललीय!"

महाराज आधी कौतिकाकडे बघत राहिले, मग पंतांच्या चेहऱ्याकडे. आणि असे खदखदून हसले की बाकावरचा मोर उडाला.

"पंत, खोडलेली सगळी नावं पुन्हा लिहा. मदत आजच्या आज! पुढच्या पाहणीला ही पोर जाईल, पगार घेऊन. आणि हैबतीची माती हैबतीच्या शेतात पोचवा. पाट्या ते सहा कारकून वाहतील."

"आणि मी, महाराज?"

"पहिली पाटी तुमची!"

पंतांनी पाटी डोक्यावर घेतली. मागून कौतिका ओरडली,

"पंत, सरळ धरा! कोंब मोडतील!"