दगडाखालचा ओंडका

उठा, उठा! त्या ओंडक्यावर बसू नका, पाहुणे. खडकावर बसा, वाळूत बसा, कुठेही बसा. वर दगड ठेवलेला दिसत नाही का? म्हणजे त्याला मालक आहे. एवढा किनारा पडलाय, पण येणारा जाणारा नेमका तिथेच टेकतो आणि म्हातारीला ओरडायला लावतो.

आता आलाच आहात तर ऐका. आमच्या या अल्यूशियन बेटांवर झाड उगवत नाही, वारा उगवूच देत नाही. लाकूड येतं ते समुद्रातून, कुठून कुठून वाहत. आणि आमची होडी म्हणजे लाकडाचा सांगाडा नि त्यावर चढवलेलं समुद्रसिंहाचं कातडं. सांगाडा पुरुष बांधतात, कातडं बाया शिवतात. होडी नसेल तर शिकार नाही, शिकार नसेल तर चूल थंड. म्हणून ज्याला ओंडका सापडेल त्याने तो भरतीच्या रेषेवर ओढायचा आणि दगड ठेवायचा. मग तो त्याचा. असा ठेवलेला दगड पूर्वी एकदा कुणीतरी उचलला होता, असं सांगतात.

फार मागे या खाडीवर तुगाख नावाचा माणूस राहत होता. होडी बांधावी तर त्यानेच, असं त्याचं नाव होतं, आणि त्याचा तोराही कमी नव्हता म्हणे. शेजारी उलाना आणि तिचा नवरा किचूख. किचूखची होडी वादळात खडकांवर आपटून चक्काचूर झाली होती. तेव्हापासून तो बापडा ओहोटीला पोरांबरोबर शिंपले वेची, नाहीतर जिवावर उदार होऊन कड्यावरून पक्ष्यांची अंडी काढी. उलाना रोज लाकूड शोधत फिरायची. शेवटी तिला सापडला एकदाचा. लांब, सरळ, आणि मधोमध तांबडी गाठ असलेला ओंडका. एकटीने ओढला, दगड ठेवला आणि वाळायला सोडला.

तुगाखच्या नव्या होडीला फक्त तळाचा कणा तेवढा हवा होता. त्याने ओंडका बघितला नि त्याची नियत फिरली. दगड समुद्रात भिरकावला. ओंडका भरतीने नेला म्हणतील लोक, एवढाच विचार केला त्याने. घरी नेऊन लाकूड सुरेख तासलं. गाठ मात्र काढता येईना, काढली तर कणाच मोडला असता.

आता कातडं. उलानासारखी शिवण खाडीत कुणाची नव्हती, आणि तुगाखला दुसरं काही चालायचं नाही. बाईमाणसाला लाकडातलं काय कळतंय, असं त्याला वाटलं. वाटलं, ऐका! रोज ते लाकूड शोधत फिरलेल्या बाईबद्दल.

कातडं नाकाकडून चढवतात आणि शेपटाकडे शिवून बंद करतात. शेवटची शिवण घालताना उलाना आत वाकली, कण्यातली तांबडी गाठ दिसली आणि तिची सुई थांबली. तुगाखने ती थांबलेली बघितली. आत्ता बोल, त्याचं मन म्हणत होतं, पण जीभच उचलेना. तिने एकदा त्याच्याकडे, एकदा भोवती बसलेल्या बायांकडे बघितलं. तो बघत राहिला समुद्राकडे. मग तिने मान खाली घातली आणि शिवण पुरी केली.

होडी बाणासारखी वेगवान निघाली. पहिल्याच खेपेला वादळाने गाठलं. लाटा डोक्यावरून जात होत्या, आणि आत थेंब नाही. तुगाख हाताने टाके चाचपत राहिला. एक टाका सैल सोडला असता तर तो बुडाला असता, कुणाला कळलंही नसतं. आणि जिचं लाकूड त्याने चोरलं होतं, तिने एकही सोडला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोडं तरी पाणी आत यावं, असं त्याला वाटत राहिलं. सांगायचं, किनाऱ्याला लागताच सांगायचं, असं घोकत तो परतला.

किनाऱ्यावर माणसं जमली होती. त्याच वाऱ्याने किचूखला कड्यावरून खाली टाकलं होतं.

तुगाखने सुरी काढली, सगळ्यांसमोर होडीचं कातडं फाडलं, कणा उपसून उलानाच्या पायाशी ठेवला. "तुझं आहे हे," एवढंच त्याला बोलता आलं.

ती म्हणाली, "ठाऊक होतं मला. सुई थांबली तेव्हाच विचारायला हवं होतं. चारचौघांत तुझी लाज राखायला गेले मी, आणि माझा माणूस गेला."

मग तिने स्वतः दगड आणून त्या कण्यावर ठेवला. ते लाकूड कुणीच वापरलं नाही. तुगाखने पुन्हा स्वतःसाठी होडी बांधली नाही. मरेपर्यंत तो ओहोटीला पोरांबरोबर शिंपले वेचत राहिला, आणि पोरांशी बोलतानासुद्धा वर बघायचा नाही म्हणे.

तो कणा कधीच कुजून गेला. पण आजही या किनाऱ्यावर दगडाखालच्या लाकडाला कुणी हात लावत नाही. आणि आजही, कातडं शिवताना शेवटच्या शिवणीपाशी आम्ही बाया सुई थांबवतो नि सगळ्यांच्या देखत विचारतो, "लाकूड कुणाचं?" सख्ख्या भावाची होडी असली तरी विचारतो. बहुतेक जण लगेच सांगतात. एखाद्याची मान खाली जाते. मग आम्ही सुई बाजूला ठेवतो आणि तो बोलेपर्यंत बसून राहतो.