दगडांत दगड

त्या राज्यात आभाळ गरुडांचे होते आणि समुद्रकाठचा उघडा, खडकाळ माळ टिटव्यांचा होता. गरुडांनी आभाळावर हक्क सांगितला, त्याच्या कितीतरी आधीपासून. टिटवीच्या पायाला फांदी धरता येत नाही. ती माळावरच खड्यांचे कडे रचते आणि त्यात अंडी घालते. अंडी इतकी खड्यांसारखी की शेजारून जाणाऱ्यालाही ओळखू येऊ नयेत. टिटव्या पाय वर करून झोपतात, आभाळ पेलतात म्हणे, असे म्हणून सारे राज्य त्यांना हसे.

मग घारींशी युद्ध पेटले. दूरवर घारी दिसल्या त्या आधी टिटव्यांनाच, आणि त्यांनी ओरडून ओरडून घसे फोडले. दरबारात तो अपशकुन ठरला. लगेच ससाणा हुकूम घेऊन माळावर उतरला. टिटव्यांच्या रक्षणासाठी माळ रिकामा करायचा होता. चोचीत मावेल तेवढेच घ्यायचे होते.

"अंडी चोचीत मावत नाहीत, दादा," करडी नावाची तरुण टिटवी म्हणाली. तिची पहिलीच वीण होती. "थोडं थांबा. पिल्लं निघाली की माझ्यामागं चालत येतील."

"युद्ध कुणासाठी थांबत नसतं."

करडी आपल्या चार अंड्यांवरून हलेना. तेव्हा तिची सासू, थोरली, जवळ आली.

"ऊठ गं पोरी. आपली अंडी म्हणजे दगडांत दगड. घारीच्या बापालाही दिसायची नाहीत. ऊन आहे, ऊब राहील. आपण काय, चार दिवसांत परत येऊ."

करडी उठली.

त्यांना नेले ते दाट रानात. खाली चिखल आणि मुंग्या, वर पानांचे छत. बसायला फांद्या मात्र भरपूर आहेत, असे ससाणा कौतुकाने सांगे. पकडलेल्या घारी शेजारच्याच टेकडीवर उन्हात होत्या. त्यांना रोज मांस मिळे, कारण शत्रूला उपाशी मारले तर बभ्रा होतो. टिटव्यांना मारले तर काय होते? काही होत नाही. थोरली चिखलात पाय वर करून मेली. तिथे पेलायला आभाळही नव्हते. करडी रोज विचारी, "परत कधी?" आणि रोज तिला कृतघ्न म्हटले जाई.

युद्ध संपले. घारी त्या माळावर कधी उतरल्याच नाहीत. उतरले होते ते गरुडांचे सैन्य.

टिटव्या परतल्या तेव्हा माळ खरवडून काढलेला होता. मधोमध चुन्यात खडे बसवून बांधलेला उंच विजयस्तंभ उभा होता आणि त्याच्या पायऱ्यांवर दरबार भरला होता. "या माळाचा एक खडाही आम्ही वाया जाऊ दिला नाही," गरुडराज म्हणाले. टिटव्यांना जयजयकार करायला सांगण्यात आले. घाबरून काहींनी केलाही.

करडी पायऱ्यांजवळ गेली. सगळ्यात खालच्या पायरीशी ती थबकली. चुन्यात गच्च बसवलेल्या खड्यांत चार खडे तिच्या ओळखीचे होते.

ती पायरीवर चढली, पंख पसरले आणि पोट चुन्याला टेकवून बसली.

"ए, ऊठ तिथून!" ससाणा धावत आला. "स्मारक आहे हे. तुमच्यासाठी मेलेल्यांचं."

"एकदा उठले होते, दादा," करडी म्हणाली, आणि पिसे फुगवून नीट बसली.